फरक नुसत्या हेलाचा नाही

जपानी भाषेबद्दल म्हटलं जातं की तोक्यो आणि ओसाकाच्या बोलीत फक्त हेल वेगळा. हेल वेगळा आहेच, पण व्याकरणही बदलतं. 'माहीत नाही' हे तोक्योत 'शिरानाई', तर ओसाकात 'शिरान' किंवा 'शिराहेन'. वाक्याच्या शेवटचा 'आहे' तोक्योत 'दा', ओसाकात 'या', हिरोशिमाकडे 'ज्या'. अशा बऱ्याच फरकांच्या सीमारेषा होन्शू या जपानच्या मुख्य बेटाच्या मध्यावर, इतोइगावा शहर ते हामाना सरोवर या पट्ट्यात एकत्र येतात.

जपानच्या दक्षिणेकडच्या ओकिनावा बेटाच्या भाषेला मात्र कृपया 'बोली' म्हणू नका. तोक्योच्या माणसाला ती समजतच नाही. पूर्वी शाळेत ती बोलणाऱ्या मुलाच्या गळ्यात लाकडी पाटी अडकवत. दुसरं कुणी बोलताना सापडेपर्यंत ती उतरत नसे. युनेस्कोने २००९ मध्ये तिची नोंद धोक्यात असलेली स्वतंत्र भाषा म्हणूनच केली आहे.