कला शाखेच्या पदवीसाठी कर्ज : नागपूरकरांनो, तुमचे अनुभव सांगा

माझ्या भाचीला बारावीनंतर लिबरल आर्ट्स शिकायचं आहे. पुण्याच्या एका खासगी विद्यापीठात प्रवेश मिळतोय. फी आणि वसतिगृह धरून तीन वर्षांचा खर्च १२ लाखांपर्यंत जातो. इथे मॉरिस कॉलेजला बी.ए. काही हजारांत होतं. भाऊजी म्हणतात कर्ज काढू, ताई म्हणते बी.ए. करून हप्ता कुठून भरणार? पोरगी मनापासून वाचणारी आहे, तिच्या आवडीला कुणी नाद म्हटलेलं मला चालत नाही. पण घरात सगळे अंदाजानेच बोलताहेत. ज्यांनी असं कर्ज काढलं, फेडलं किंवा विचार करून टाळलं, त्यांनी आकड्यांसकट लिहा : किती घेतलं, पहिला पगार हातात किती आला, हप्ता किती बसला. खासगी संस्थेचं नाव नको, आणि स्वतःच्या नावाऐवजी वस्तीचं नाव टाका.

मानेवाडा

मी अगदी असंच कर्ज घेतलं होतं. दरवर्षी ४ लाख, अशी तीन वर्षं, व्याज १० टक्के. एकूण रक्कम साडेसात लाखांच्या वर, म्हणून बाबांचा फ्लॅट तारण. शिकताना आणि त्यानंतर वर्षभर हप्ता नव्हता, त्यामुळे घरी सगळे निर्धास्त. व्याज मात्र बँकेने पहिली फी भरली त्या दिवसापासून लागत होतं. पहिल्या ४ लाखांवर चार वर्षांचं, दुसऱ्यावर तीन, तिसऱ्यावर दोन. हप्ता सुरू झाला तेव्हा १२ लाखांचे साडेपंधरा लाखांच्या वर झाले होते. पंधरा वर्षांची मुदत घेऊनही महिन्याला साडेसोळा हजारांहून जास्त. मला पुण्यातच कंटेंटचं काम मिळालं, हातात २८ हजार. खोलीभाडं आणि जेवण गेल्यावर हप्त्याला पुरेल एवढं उरायचंच नाही. तो बाबा भरायचे. आता नागपूरला येऊन घरून काम करते, भाडं वाचतं, हप्ता माझ्या खात्यातून जातो.

शिक्षण उत्तम मिळालं, हे मी कुणालाही सांगेन. प्राध्यापक निबंधाची ओळ न् ओळ वाचून शेरे द्यायचे, वादही घालायचे. पण सुरुवातीचे हप्ते बाबांच्या निवृत्तीच्या पैशातून गेले, याचं मला अजून वाईट वाटतं.

महाल

मॉरिस, राज्यशास्त्र, कर्ज शून्य. मग विद्यापीठात एम.ए., मग सेट, म्हणजे प्राध्यापकीची पात्रता परीक्षा. सध्या तासिका तत्त्वावर शिकवते. सत्र संपलं की पैसे थांबतात, उन्हाळा शिकवण्यांवर निघतो. कायम जागेची वाट बघणं हाही खर्चच आहे, फक्त तो बँकेच्या पासबुकात दिसत नाही. तरी वाट बघता आली, कारण डोक्यावर हप्ता नव्हता. असता तर एम.ए. झाल्या झाल्या मिळेल ते धरावं लागलं असतं.

हुडकेश्वर

मी काटोलकडचा, संत्र्याची बाग आहे. पोरीच्या शिक्षणासाठी इथं खोली केली. तिले मानसशास्त्रच पाहिजे होतं. मी तिच्या मॅडमले जाऊन सरळ विचारलं, बी.ए. झाल्यावर पगार किती भेटते? त्या म्हणे, काका, नुसत्या बी.ए.वर समुपदेशनाचं काम भेटणं कठीण, एम.ए. करावंच लागते. अन् दवाखान्यात क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून बसायचं तर भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते, तिचं शिक्षण आणखी वेगळं. मंग माह्या डोक्यात हिशेब बसला. पहिल्याच पदवीत कर्ज काढून बसलो तर पुढच्या पदवीले काय गहाण ठेवू? बी.ए. नागपुरात घरच्या पैशात केलं. आता एम.ए. करून राहिली, कर्ज आता काढलं. आंबिया बहार चांगला आला की व्याज लगेच भरून टाकतो.

ताजाबाद

काकांचं पटलं. माझंही तसंच झालं : बी.ए. नागपुरातच हिस्लॉप कॉलेजला, कर्ज फक्त मुंबईच्या टीसमधल्या (टाटा सामाजिक विज्ञान संस्था) एम.ए.साठी. ४ लाखांच्या आत बसवलं, त्यामुळे ना तारण ना जामीनदार. पहिली नोकरी एका संस्थेत, गडचिरोलीत. हातात ३२ हजार आणि राहायची सोय. हप्ता साडेपाच हजारांच्या आसपास होता, टोचला नाही. मुदतीच्या आधी फिटलं.

धागाकर्ता

भाऊजींना आज हेच म्हटलं. कला शाखेत बऱ्याच जणांची खरी कमाई दुसऱ्या पदवीनंतर सुरू होते. मग कर्ज काढायची ताकद तेव्हासाठी राखलेली बरी. भाची ऐकून घेते आहे. तिचा प्रश्न रास्त आहे : इथल्या वर्गात तसं वाचायला, वाद घालायला मिळेल का? महालच्या ताईंनी यावर लिहावं.

महाल

मिळेल, पण आपणहून मागावं लागेल. वर्ग मोठे असतात. आम्ही काही जण तास संपल्यावर सरांना गाठायचो, ते पुस्तकं द्यायचे, पुढच्या आठवड्यात विचारायचे. जे गाठायचे नाहीत त्यांना नोट्सच मिळायच्या.

धरमपेठ, निवृत्त बँक अधिकारी

कर्ज काढायचंच ठरलं तर एवढं करा. शिकत असतानाच निदान व्याज तरी दरमहा भरत राहा. मानेवाड्याच्या ताईंचे ते वरचे साडेतीन लाख मग कर्जात चढले नसते, आणि त्यांच्यावरचं पुढचं व्याज वाचलं असतं. शिवाय असं व्याज भरणाऱ्याला काही बँका दरात १ टक्का सवलत देतात, शाखेत विचारून घ्या. वडील सहकर्जदार असतात, म्हणजे हप्ता चुकला तर त्यांचाही सिबिल स्कोअर, म्हणजे कर्ज फेडण्याच्या पतीचा आकडा, पडतो. शैक्षणिक कर्जाच्या व्याजावर आठ वर्षांपर्यंत प्राप्तिकरात वजावट मिळते, पण जुनी करप्रणाली निवडली तरच. आणि मानेवाड्याच्या ताई, तुमचं कर्ज बदलत्या दराचं असेल तर मुदतीआधी पैसे भरल्याबद्दल बँक दंड लावू शकत नाही. दिवाळीला जादा पैसे आले की मुद्दलात भरा, आणि मुदत कमी करून द्या असं शाखेला लेखी सांगा.