बर्फापर्यंत जाणारी रेल्वे: तुमचे अनुभव लिहा

गेल्या सप्टेंबरात आईला घेऊन स्वित्झर्लंडच्या युंगफ्राऊयोख या बर्फाळ खिंडीतल्या रेल्वे स्टेशनला जाऊन आले. आईचं वय ७१, गुडघे दुखरे, पण हिमनदी एकदा डोळ्यांनी बघायचीच हा तिचा हट्ट. क्लाइन शायडेगला गाडी बदलली, आणि लाल डबे आयगर पर्वताच्या पोटात शिरले. तिथून जवळजवळ सगळा बोगदाच. वर जाताना आइसमेर स्टेशनात पाच मिनिटं थांबा आहे, ३१६० मीटरवर. खडक कापून बसवलेली मोठी काच, आणि पलीकडे भेगांनी फाटलेला बर्फ, भेगांच्या आतून निळा. आई काचेला तळवा लावून उभी राहिली, ती हलेचना. शेवटी हाताला धरून गाडीत बसवलं.

वर ३४५४ मीटरवर उतरली ती आनंदाच्या भरात भराभर चालायला लागली. दहा पावलांत ओठ पांढरे पडले. तिथे हवेचा दाब आपल्या समुद्रकाठच्या साधारण दोन तृतीयांशच असतो. बाकावर बसवून घोट घोट गरम पाणी दिलं, पाऊण तास जागचे हललो नाही. ज्यांच्या टूरबरोबर गेलो त्यांनी वर दीडच तास दिला होता, आणि उंचीबद्दल आधी चकार शब्द काढला नव्हता. त्याचा राग अजून गेलेला नाही. आईबाबांना नेणार असाल तर वर निदान तीन तास ठेवा आणि पहिला अर्धा तास नुसते बसा.

मग लिफ्टने स्फिंक्स नावाच्या वेधशाळेच्या गच्चीवर गेलो. ढग सरकले आणि खाली आलेच नावाची हिमनदी उलगडली, वीस किलोमीटरहून लांब. आई म्हणाली, "अगं, ही खरंच नदीसारखी वळतेय."

तुम्ही कुठल्या गाडीने गेलात, कोणाबरोबर, वर काय झालं? सविस्तर लिहा.

घाटवाला

ताई, माझी नोकरी रेल्वेत झाली, त्यातली बरीच वर्षं कर्जत-लोणावळा घाटात. बोरघाटाचा चढ ३७ ला १, म्हणजे ३७ फुटांत एक फूट वर, तिथे गाडीला मागून बँकर, म्हणजे ढकलणारी जादा इंजिनं लावावी लागतात. युंगफ्राऊच्या लाइनीवर कडक चढ आहे ४ ला १! रुळांच्या मधोमध दात्यांची पट्टी, गाडीखालचं दातेरी चाक तिच्यात अडकत अडकत वर जातं. आपल्या देशात असा मार्ग एकच, निलगिरीचा. आणखी एक गंमत बघा: डोक्यावर तारा दोन. वीज तीन फेजची, तिसरी फेज रुळातून. उतरताना त्याच मोटारी गाडीला आवरतात आणि वीज तारेत परत सोडतात. हे बघत क्लाइन शायडेगला मी दोन गाड्या सोडल्या, मुलगी बिचारी न कुरकुरता थांबली.

१८९६ ला काम सुरू झालं. ज्याने हे मनावर घेतलं तो आडोल्फ गुयर-त्सेलर १८९९ मध्ये वारला. सुरुंगाच्या स्फोटांत मजूर गेले. गाडी वर पोचली १ ऑगस्ट १९१२ ला, आणि तीही शिखराखालच्या खिंडीपर्यंत. मूळ बेत शिखराचा होता. बोगद्यात शिरताना मी हात जोडले, घाटात ड्युटीवर जाताना जोडायचो तसेच.

शिंपले

आम्ही फ्रान्सच्या बाजूने गेलो, शामोनीहून मोंतांव्हेरच्या गाडीने. जुलै २०२२. वीस मिनिटांत १९१३ मीटरवर. तिथल्या हिमनदीचं नाव मेर द ग्लास, म्हणजे बर्फाचा समुद्र, पण स्टेशनातून खाली पाहिलं तर राखाडी दगडगोटेच. मुलगा म्हणाला, "बाबा, बर्फ कुठेय?" बर्फ त्या दगडांखाली होता.

तारेवरच्या पाळण्यातून उतरल्यावर बर्फातल्या गुहेपर्यंत तेव्हा पाचशेच्या वर लोखंडी पायऱ्या होत्या. खडकावर सालांच्या पाट्या आहेत, त्या त्या वर्षी हिमनदी तिथवर होती. १९९० च्या पाटीशी मी थांबलो. तेव्हा मी चौथीत होतो. तिथून खाली मुलाने पायऱ्या मोजायला घेतल्या. शंभर झाल्या, दोनशे झाल्या, मग त्याने मोजणं सोडलं आणि माझा हात धरला. गुहेबद्दल लिहिण्यासारखं माझ्याकडे फारसं नाही, त्या पाट्याच डोक्यात राहिल्या.

केतकी_नाशिक

गोर्नरग्राट, त्सेरमाटहून. ३०८९ मीटर. दिवसभर धुकं, ना मॅटरहॉर्नचं शिखर दिसलं ना हिमनदी. सकाळी वरचा वेबकॅम बघा आणि मगच तिकीट काढा, पैसे फार जातात.

बर्नवासी

इथे स्वित्झर्लंडमध्ये सोळा वर्षं झाली, पाहुणे आले की वर जाणं होतंच. पण शिंपले, तुमच्या पाट्या वाचून लिहावंसं वाटलं. एकदा मी युंगफ्राऊयोखहून दोर बांधून, वाटाड्याबरोबर आलेचवरून चालत कोन्कोर्डियाच्या झोपडीला, म्हणजे गिर्यारोहकांच्या मुक्कामाच्या जागी गेले. वाटाड्याशिवाय कुणी जाऊ नका, बर्फाखाली भेगा लपलेल्या असतात. ती झोपडी १८७७ मध्ये बांधली तेव्हा बर्फाच्या बरीच जवळ होती. हिमनदी खचत गेली, तसतसे जिने खाली वाढवत न्यावे लागले. आता खडकाला ठोकलेल्या चारशेहून जास्त पायऱ्या चढायच्या. माझे पाय थरथरत होते, आणि प्रत्येक पायरीला वाटत होतं, इथे कधीतरी बर्फ होता.

रात्री दोनदा जाग आली. खालून तोफेसारखा आवाज, मग लांबवर घरंगळत गेलेली गडगड. वाटाड्या म्हणाला, बर्फ तडकतोय, झोपा.

(धागाकर्ती)

बर्नवासी, तुमचा प्रतिसाद आईला वाचून दाखवला. तेव्हा तिने सांगितलं, आइसमेरला काचेवर तळवा ठेवून ती तेच बघत होती, आतून काही जाणवतंय का.