पोप ‘अस्खलनशील’ की ‘प्रमादातीत’?

प्रश्न : पोपबद्दल ‘अचूक’, ‘अस्खलनशील’, ‘प्रमादातीत’ असे तिन्ही शब्द वाचनात आले. योग्य कोणता? आणि पोप बोलतील ते सगळं कॅथलिकांनी मानायचंच असतं का?

उत्तर : ‘अस्खलनशील’ टाळा. मराठीत स्खलन म्हटलं की नैतिक घसरणच आठवते आणि पोप पाप करत नाहीत असा चर्चचा दावा कधीच नव्हता. पोपही पापकबुली देतात. ‘प्रमादातीत’ (ज्यात चूक होऊच शकत नाही असा) बरा, पण तो माणसापेक्षा निर्णयाला लावावा. १८ जुलै १८७० रोजी पहिल्या व्हॅटिकन परिषदेने (जगभरच्या बिशपांच्या सभेने) ठरवलेल्या अटी अशा : पोपनी सर्व ख्रिस्ती जनांचे मेंढपाळ आणि गुरू या नात्याने, श्रद्धा किंवा नीती यांविषयीची शिकवण, सगळ्या चर्चने मानावी म्हणून निर्णायकपणे घोषित केली पाहिजे. एकही अट सुटली तर हा विशेष अधिकार लागू होत नाही. विमानात पत्रकारांना दिलेलं उत्तर यात बसत नाही, राजकारणावरचं मत तर नाहीच.

दुसरं उत्तर : अशा प्रमादातीत घोषणेसाठीच्या ‘एक्स कथेड्रा’ या लॅटिन संज्ञेचं भाषांतर ‘व्यासपीठावरून’ असं सर्रास होतं. त्यातून भाषणाचा भास होतो. ‘धर्मपीठावरून’ म्हणा. (‘पीठासीन’ नको, तो मतदान केंद्रावरचा अधिकारी!) १८७० नंतर अशी निर्विवाद घोषणा एकच : १९५० मध्ये पोप बारावे पायस यांनी केलेली, येशूची आई मरिया हिच्या स्वर्गोन्नयनाची (तिला सदेह स्वर्गात नेल्याची). त्याआधीची १८५४ ची ‘निष्कलंक गर्भसंभवा’ची घोषणाही याच प्रकारात धरतात. तिथे अनेकांचा घोळ होतो : हा येशूचा कुमारीपोटी जन्म नव्हे, मरिया स्वतः आईच्या उदरात आली त्या क्षणापासून आदिपापमुक्त (माणसाला जन्मतः चिकटलेल्या पापापासून मुक्त) होती, हा अर्थ.

पुरवणी : पण फक्त एवढंच बंधनकारक, हा उलटा गैरसमज. बिशपांच्या परिषदांचे सिद्धान्त आहेत, जगभरच्या बिशपांनी पोपसह एकमुखाने निर्णायक म्हणून दिलेली शिकवणही आहे. प्रकट सत्य (देवाने स्वतः उघड केलेलं) म्हणून घोषित झालेला सिद्धान्त हट्टाने नाकारला तर ते पाखंड. त्याच्याशी निगडित निर्णायक शिकवण ठामपणे स्वीकारायची. उरलेल्या अधिकृत शिकवणीला बुद्धी आणि इच्छेची आदरपूर्वक संमती द्यायची. चर्चच्या कायद्यात ही श्रद्धेहून वेगळी पायरी आहे. पोर्तुगालमधल्या फातिमा गावच्या मरियादर्शनासारखे खाजगी साक्षात्कार चर्चने मान्य केले तरी ते मानण्याची सक्ती नाही.

शंका उरलीच तर चर्चच्या धर्मकायद्याचं कलम ७४९ पाहा : शिकवण प्रमादातीतपणे घोषित झाल्याचं स्पष्ट दिसत नसेल, तर तसं धरायचं नाही.