'प्युल पेर्ले': मोत्यांचा स्वेटर की मण्यांचा?

१९८०च्या दशकातल्या पॅरिसच्या फॅशनवरचा एक फ्रेंच लेख मराठीत आणते आहे. 'प्युल पेर्ले' पुन्हा पुन्हा येतं. प्युल म्हणजे स्वेटर. पुढच्या शब्दासाठी 'मोत्यांचा' चालेल? की 'मोतीविणकामाचा' म्हणू?

— ताई, फ्रेंचमध्ये 'पेर्ल' म्हणजे शिंपल्यातला मोती आणि काचेचा मणीसुद्धा. आपणही प्लास्टिकच्या मण्यांच्या तोरणाला मोत्यांचं तोरण म्हणतोच. पण 'मोत्यांचा स्वेटर' वाचलं की पांढरे गोल मोतीच डोळ्यांपुढे येतात, आणि या स्वेटरांवर काचेचे बारीक रंगीत मणी, नळ्या, टिकल्याही असत. 'मोतीविणकाम' तर नकोच. तो शब्द रुखवतातल्या, नायलॉनच्या दोऱ्यात ओवलेल्या वस्तूंनी कधीच घेतला आहे.

— मला 'मण्यांचा' हेही अपुरं वाटतं, कारण मणी बसवायच्या रीती दोन आहेत. एकीत सगळे मणी आधी लोकरीत ओवून घेतात आणि विणताना हवा तिथे एकेक पुढे सरकवतात. नक्षी रंगीत असेल तर ओवण्याचा क्रम उलटा ठेवावा लागतो, कारण शेवटी ओवलेला मणी पहिला विणला जातो. दुसरीत स्वेटरचं कापड विणून झाल्यावर त्यावर मणी भरतात. फ्रान्सच्या लोरेन भागातल्या ल्युनेव्हिल गावाच्या नावाने ओळखलं जाणारं भरतकाम या दुसऱ्या जातीचं. त्याची आकडी आपल्या आरीच्याच कुळातली. कापड कारचोबावर, म्हणजे भरतकामाच्या चौकटीवर, उलटं ताणायचं, मणी खालच्या अंगाला बसतात. विणलेलं कापड लवचीक, म्हणून टाका फार ओढला तर स्वेटर अंगात घालताना दोरा तुटतो आणि मणी ओघळतात. तेव्हा पहिल्याला 'मणी विणलेला', दुसऱ्याला 'मणी भरलेला' म्हणावं. लेखात 'ब्रोदे', म्हणजे भरतकाम केलेला, हा शब्द दिसला तर दुसराच घ्या.

— दोन्ही शब्द आवडले. फ्रेंच फॅशन डिझायनर सोनिया रिकिएलचा उल्लेख असेल तर मात्र जपून. तिच्या काळ्या स्वेटरांवर चमचमणारी अक्षरं असत, ती 'स्त्रास'ची, म्हणजे हिऱ्यासारख्या काचेच्या खड्यांची. अठराव्या शतकातल्या पॅरिसच्या स्त्रास नावाच्या जवाहिऱ्यावरून हा शब्द आला. तिथे सरळ 'खडे' लिहा. आणि 'कोतों पेर्ले' आलं तर तो नुसता पीळदार, चमकदार सुती दोरा, आपल्या दुकानांतला 'पर्ल कॉटन'. त्यात मणी नसतात.