अमेरिकेतून नेपाळला जाऊन एसआयसीएस ही मोतीबिंदूची सर्जरी शिकावी का?

नेत्रा_रेसिडेंट: मी इथे अमेरिकेत ऑफ्थॅल्मॉलॉजीची रेसिडेन्सी (डोळ्यांच्या डॉक्टरचं ट्रेनिंग) करतेय. इथे मोतीबिंदू म्हणजे फेकोच (अल्ट्रासाऊंड मशीनने मोतीबिंदू फोडून काढायचा), मशीनशिवायची एसआयसीएस (छोट्या छेदातून हातानेच काढायचा) फारशी हाताखालून जातच नाही. काठमांडूच्या तिलगंगा या डोळ्यांच्या हॉस्पिटलला जायचा विचार चाललाय पण एकच गोष्ट खटकतेय, गरीब माणसाच्या डोळ्यावर आपण हात बसवायचा का? कुणी गेलं असेल तर मोकळेपणाने सांगा प्लीज

जुना_सर्जन: विचारलंस हे फार बरं केलंस. पहिलं म्हणजे तिथे आपण शिकायला जातो, उपकार करायला नाही. तिलगंगाच्याच डॉ. सांडुक रुइत यांच्या टीमचा २००७ चा अभ्यास वाच, १०८ पेशंट, निम्म्यांना फेको निम्म्यांना एसआयसीएस, सहा महिन्यांनी दोन्हीकडे ९८ टक्के लोकांची नजर चष्म्यासकट ६/१८ (नॉर्मल डोळ्याला १८ मीटरवरून दिसतं ते ६ मीटरवरून दिसणं) किंवा त्याहून चांगली, आणि एसआयसीएसला वेळ सरासरी ९ मिनिटं तर फेकोला साडेपंधरा! म्हणजे ही गरिबांसाठीची दुय्यम सर्जरी अजिबात नाही.
हात बसवायचा तो वेटलॅबमध्ये, म्हणजे सरावाच्या लॅबमध्ये, बोकडाच्या डोळ्यांवर. मग पेशंटवरही आधी एकच स्टेप, टनेल (डोळ्यात शिरायचा छेद) तू कर, बाकी सगळं शेजारी बसलेला सिनिअर करेल. टनेल आत लवकर उघडला की आयरिस (डोळ्यातला रंगीत पडदा) बाहेर येते आणि पुढची प्रत्येक स्टेप अवघड होते, तेव्हा सरळ उठून सिनिअरला खुर्ची द्यायची. आणि ज्याचा दुसरा डोळा गेलेलाच आहे त्याचा डोळा शिकाऊ हातात नकोच, यात तडजोड नाही.

सातारकर: मी डॉक्टर नाही, पण आजीचं शिबिरात ऑपरेशन झालं तेव्हा कोण करणार हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. तिला दिसायला लागलं, पण ते मला अजून लागून राहिलंय. पेशंटला त्याच्या भाषेत सांगा आणि नाही म्हणाला तर ऐका

मदुराई_रिटर्न: मदुराईच्या अरविंद डोळ्यांच्या हॉस्पिटललाही बाहेरच्या डॉक्टरांना एसआयसीएस शिकवतात, तेही बघ. कुठेही गेलीस तरी आधी दोन गोष्टी विचार, तुला मिळणाऱ्या केसेस तिथल्या रेसिडेंटच्या वाट्यातून जातायत का, आणि तू परतल्यावर त्या पेशंटचा फॉलोअप कोण बघणार. आठवडाभराची ट्रिप असेल तर नुसतं बघ, ब्लेड हातात घेऊ नकोस.

नेत्रा_रेसिडेंट: रेसिडेंटच्या केसेसचं डोक्यातच आलं नव्हतं, आजच मेल करून विचारते