४४५ अंशांना 'थंड' म्हणायचं का?

मिती:
एका लेखाचं भाषांतर करतेय आणि एका वाक्यावर गाडी अडलीये. १९७२ साली 'अप्लाइड ऑप्टिक्स' या नियतकालिकात एक निनावी टिपण आलं होतं, त्यात बायबलवरून स्वर्ग-नरकाचं तापमान काढलंय. यशयाच्या ग्रंथात म्हटलंय की तेव्हा चंद्राचा उजेड सूर्याइतका होईल आणि सूर्याचा सातपट, सात दिवसांच्या उजेडाइतका. म्हणून सात साते एकोणपन्नास, अधिक चंद्राचा एक, म्हणजे आपल्या पन्नासपट प्रारण (उजेड-उष्णतेच्या रूपात येणारी ऊर्जा). प्रारण तापमानाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात असतं, त्यामुळे स्वर्ग निघतो ५२५ अंश सेल्सिअस. नरकात जळत्या गंधकाचं सरोवर आहे, गंधक ४४४.६ अंशांना उकळतं, त्याच्या वर गेलं की सरोवर कसलं, नुसती वाफ, म्हणून नरक ४४५ च्या आत. इथपर्यंत झकास. मी लिहिलं "नरक स्वर्गापेक्षा थंड आहे", तर संपादक म्हणतात हे मराठी नव्हे. काय लिहू?

अनुस्वार:
संपादकांचं बरोबर आहे. हात लावला की कातडी सोलून निघेल त्याला थंड म्हणायचं नाही. 'कमी तप्त' म्हणा.

उंबरठा:
'कमी तप्त' हे परिपत्रकातलं मराठी झालं. "हत्ती देवमाशापेक्षा लहान" म्हणताना कुणी हत्तीला लहान ठरवत नाही ना, मग थंडनंच काय घोडं मारलंय? 'पेक्षा' आलं की तुलना आली, संपलं.

अनुस्वार:
लहान-मोठं डोळ्यांनी मोजतो आपण, गार-गरम अंगानं. म्हणून थंड या शब्दात अंगाला लागणारा गारवा असतोच असतो, तो पेक्षानं जात नाही.

खडूफळा:
'निवलेला' वापरा की! डोळे निवले, ताप निवला, इतका सुंदर शब्द पडून आहे. आणि निवणं हे निर्वाणाच्याच घरातलं, निर् अधिक वा, विझणं. तृष्णेची आग विझली की निर्वाण. मरणानंतरच्या विषयाला याहून चपखल शब्द मिळणार नाही.

मिती:
शब्द आवडला, पण निवलेला म्हणजे आधी जास्त तापलेला होता आणि मग उतरला. या हिशोबात नरक निवतही नाही आणि तापतही नाही, कायम एकाच तापमानाला आहे. स्वर्गाचा आकडासुद्धा त्यावरच उभा आहे, जेवढी उष्णता येते तेवढीच बाहेर जाते.

काटेकोर:
'गार' तर नकोच, "गार झाला" म्हणजे मेलाच.

वाचस्पती:
मुळात 'नरक' हाच शब्द चुकतोय. आपल्या नरकातून भोग संपले की सुटका असते, बायबलातलं ते सरोवर कायमचं. शिवाय आपल्याकडे भागवतात २८ नरक मोजलेत, मग तापमान नेमकं कुठल्याचं? शब्दांच्या व्युत्पत्ती सांगणाऱ्या प्राचीन यास्कानं तर नरक म्हणजे 'न्यरक', खाली जाणं, अशी फोड दिलीये, त्यात उष्णतेचा संबंधच नाही.

उंबरठा:
मग पाताळ म्हणायचं का?

वाचस्पती:
अजिबात नाही! विष्णुपुराणात नारद म्हणतो पाताळ स्वर्गाहून रम्य आहे, तिथे सूर्य उजेड देतो पण ताप देत नाही.

काटेकोर:
हे फार मोलाचं आहे. उजेड पदार्थात शोषला गेला की त्याची उष्णता होणारच, म्हणजे पाताळात एक तर सगळं काही परावर्तित होतंय किंवा उष्णता कुठेतरी बाहेर नेली जातेय. पहिलं खरं असेल तर पाताळात एकही काळी वस्तू असता कामा नये. पण मितीताई, तुमच्या निष्कर्षातच गडबड आहे. "सातपट" आणि "सात दिवसांइतका" ही एकच गोष्ट दोनदा सांगितलीये असं धरा. मग सात अधिक एक आठपट, आणि स्वर्ग फक्त २३१ अंश. गंधक ११५ च्या आसपास वितळतं, म्हणजे नरक ११५ ते ४४५ मध्ये कुठेही. जास्त गरम कोण हे ठरतच नाही. आणि हे सगळं वातावरणाचा दाब इथल्याइतका धरून, तिथे दाब जास्त असेल तर गंधकाचा उत्कलनबिंदूही वर जाईल.

अनुस्वार:
उत्कलनांक.

काटेकोर:
उत्कलनबिंदू. अंक म्हणजे आकडा.

मिती:
अहो, मूळ लेखात जे आहे तेच मला भाषांतरात द्यावं लागणार. थंड ठेवू की कमी तप्त?

खडूफळा:
निवलेला! आणि ते "गंधक उकळतं" तेवढं बदला, गंधक पुल्लिंगी आहे, तो उकळतो.

उंबरठा:
मूलद्रव्य म्हटलं की सगळे नपुंसकातच बोलतात, तो गंधक म्हणताना मी तरी कुणाला ऐकलं नाही.