मदत हवी आहे: इव्हेंट कॅमेऱ्यातली दिव्याची लुकलुक कशी गाळायची?

डोळ्यातल्या रेटिनाच्या धर्तीवरचा इव्हेंट कॅमेरा वापरतोय. तो पूर्ण चित्र काढतच नाही. जिथे उजेड बदलला तेवढाच पिक्सेल मायक्रोसेकंदाच्या नोंदीसह बोलतो. मिशा महोवाल्ड आणि कार्व्हर मीड या शास्त्रज्ञांच्या सिलिकॉन रेटिनापासून (रेटिनाची नक्कल करणारी चिप) आलेली ही कल्पना मला आजही विलक्षण वाटते.

मला घरमाशीचे पंख टिपायचेत. पण ५० हर्ट्झच्या विजेवरचा दिवा सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो आणि रिकामी भिंतसुद्धा ठिपक्यांनी भरून जाते. शेजारच्या पिक्सेलची साक्ष मागणारा फिल्टर लावून पाहिला. सुटा गोंगाट गेला, लुकलुक राहिली, कारण तिथे सगळे शेजारी एकदमच बोलतात. १०० हर्ट्झच्या पटीतल्या नोंदी गाळाव्यात, तर पंखही २०० हर्ट्झच्या आसपासच फडफडतात! स्पायकिंग न्यूरॉन (मेंदूतल्या पेशींसारखे छोट्या ठोक्यांनी संदेश देणारे कृत्रिम न्यूरॉन) वापरून कुणी हे दोन्ही वेगळं केलंय का? की सरळ डीसी दिवाच (स्थिर विजेवरचा, न लुकलुकणारा) लावू?